किती वाऱ्याला किती शीड?

सदिशांचे घटक पाडायला शिकवताना आपण फळ्यावर एक उतार काढतो, त्यावर एक ठोकळा ठेवतो आणि वजनाचे दोन बाण दाखवतो. विद्यार्थी ते वहीत उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. हेच गणित समुद्रावर एखादा माणूस दोन हातांनी आणि पाठीच्या जोरावर क्षणाक्षणाला सोडवत असतो आणि चुकला की पाण्यात पडतो. या खेळाचे नाव विंडसर्फिंग. एका तरंगत्या फळीवर उभे राहायचे, हातात शीड धरायचे आणि वाऱ्याच्या जोरावर पाणी कापत जायचे.

या खेळाची आमची पहिली ओळख फारशी अभिमानाची नाही. जानेवारी महिन्यात दक्षिण कोकणातल्या एका किनाऱ्यावर आम्ही व आमचे एक सहकारी सकाळी आठ वाजता फळी भाड्याने घेऊन पाण्यात उतरलो. पाणी आरशासारखे शांत होते. शिडे दोनच होती. त्यांतले साडेसहा चौरस मीटरचे मोठे शीड आम्ही निवडले. मोठे म्हणजे चांगले, एवढाच विचार त्यामागे होता. किनाऱ्यापासून दोनशे-तीनशे मीटर आत गेल्यावर वारा एकाएकी वाढला आणि आम्ही पडलो. पाण्यात आडवे झालेले शीड पुन्हा वर ओढता येईना. दर खेपेला ते अर्धे वर येई, वारा त्यात भरे आणि आम्ही पुन्हा पाण्यात. दरम्यान किनारा लांब जात होता. तासाभराने मासेमारीहून परतणाऱ्या एका होडीने आम्हाला ओढत आणले. होडीवरचे वृद्ध तांडेल एवढेच म्हणाले, “साहेब, सकाळचा वारा बाहेर नेतो, दुपारचा घरी आणतो. एवढं आमच्या पोरांनाही ठाऊक असतं.”

भौतिकशास्त्रातली पदवी खिशात असून आम्ही दोन चुका केल्या होत्या. वाऱ्याची दिशा पाहिली नाही आणि वाऱ्याच्या मानाने शिडाचा आकार मोजला नाही. हा लेख या दोन चुकांबद्दल आहे.

एका सांध्याची करामत

विंडसर्फिंगची फळी साधारण सव्वादोन ते पावणेचार मीटर लांब असते. तिच्या खालच्या बाजूला मागे माशाच्या परासारखी एक उभी पट्टी असते, तिला फिन म्हणतात. शिकाऊ फळीच्या मध्यभागी आणखी एक मोठी पट्टी खाली सोडलेली असते, ती डॅगरबोर्ड. फळीवर डोलकाठी उभी असते आणि तिच्या दोन्ही बाजूंनी शिडाला कवेत घेणारी एक वाकडी कांब असते, ती बूम. खेळाडू ही बूम धरून उभा राहतो.

होडीची डोलकाठी होडीला पक्की बांधलेली असते. इथे ती फळीला अशा सांध्याने जोडलेली असते की ती कोणत्याही दिशेला झुकू शकते आणि स्वतःभोवती फिरूही शकते. खेळाडूने हात सोडला की शीड आपोआप पाण्यात पडते. म्हणजे होडीत दोरखंड जे काम करतात, ते इथे माणसाचे शरीर करते.

अमेरिकेतील न्यूमन डार्बी यांनी फळीवर हाताने धरायचे शीड तयार करून १९६५ मध्ये त्याची माहिती ‘पॉप्युलर सायन्स’ मासिकात प्रसिद्ध केली. कॅलिफोर्नियातील विमान अभियंता जिम ड्रेक आणि हॉइल श्वाइत्झर यांनी सर्व दिशांना झुकणाऱ्या सांध्याच्या रचनेसाठी १९६८ मध्ये पेटंटचा अर्ज केला. ते त्यांना १९७० मध्ये मिळाले. पुढे हे पेटंट ब्रिटिश न्यायालयात टिकले नाही. पीटर चिल्व्हर्स नावाच्या बारा वर्षांच्या मुलाने १९५८ मध्येच इंग्लंडमधील हेलिंग बेटावर अशा प्रकारची फळी चालवली होती, हे तिथे पुढे आले आणि १९८५ च्या निकालात ते ग्राह्य धरले गेले. वर्गातल्या बारा वर्षांच्या मुलांना ही गोष्ट जरूर सांगावी.

१९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये या खेळाला पुरुषांसाठी आणि १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये महिलांसाठी स्थान मिळाले. आपल्याकडच्या इबाद अली याने २०२३ मध्ये हांगचौ येथे झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत कांस्यपदक मिळवले.

शीड पुढे कसे ढकलते?

वारा पाठीमागून असेल तर शीड पुढे ढकलले जाते, हे कोणालाही पटते. पण वारा बाजूने येत असतानाही फळी पुढे जाते. एवढेच नव्हे, वारा समोरून तिरका येत असतानाही जाते. हे कसे?

फणसाची ओली, बुळबुळीत आठळी अंगठा व तर्जनी यांच्यात दाबून पाहा. दोन बोटे आडवा दाब देतात, पण आठळी सुळकन तिसऱ्याच दिशेला निसटते. शीड आणि फिन ही अशीच दोन बोटे आहेत. वाऱ्यामुळे शिडावर जे बल पडते, ते साधारणपणे शिडाच्या पृष्ठभागाला काटकोनात असते. त्याचे दोन घटक पाडू. एक फळीच्या लांबीच्या दिशेने पुढे, दुसरा फळीच्या आडवा. आडवा घटक बहुतेक वेळा मोठा असतो, पण फळी आडवी सरकू लागताच फिनवर पाण्याचा उलट दाब येतो आणि तो घटक जवळजवळ नाहीसा होतो. पुढच्या दिशेने मात्र फळी सडपातळ, पाण्याचा विरोध कमी. म्हणून उरलेला लहानसा घटक फळीला पुढे नेतो. पाण्यातली फिन नसती तर फळी नुसती वाऱ्याबरोबर वाहत गेली असती.

आता मुळात शिडावर बल का येते, याकडे वळू. विमानाच्या पंखाबद्दल अनेक पुस्तकांत असे लिहिलेले असते की पंखाची वरची बाजू लांब असते, वरून जाणाऱ्या हवेला खालून जाणाऱ्या हवेबरोबरच पलीकडे पोचायचे असते, म्हणून ती वेगाने जाते आणि तिचा दाब कमी होतो. हे स्पष्टीकरण चुकीचे आहे. दोन्ही हवांनी एकाच वेळी पोचावे असा निसर्गाचा कोणताही नियम नाही. शीड हा तर याचा सरळ पुरावा आहे. शिडाचे कापड मिलिमीटरच्या अंशाइतके जाड, त्यामुळे त्याच्या दोन्ही बाजूंची लांबी अगदी सारखी. तरीही शीड उत्तम काम करते.

खरे कारण असे. शिडावरून जाताना हवेची दिशा बदलते. हवेला वळवायचे म्हणजे शिडाने तिच्यावर बल लावायला हवे, आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे हवाही शिडावर तितकेच उलट बल लावते. फुगीर बाजूने वाहणारी हवा वक्र मार्गाने वळते, तेव्हा त्या बाजूला दाब कमी होतो. पोकळ बाजूला तो थोडा वाढतो. दाबांतला हा फरक आणि हवेचे वळणे या एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत. थोडक्यात, शीड हा उभा केलेला पंख आहे.

पंखाप्रमाणेच शिडालाही कोनाची मर्यादा असते. वाऱ्याशी फार लहान कोन केला तर कापड फडफडते आणि बल मिळत नाही. कोन फार मोठा केला तर फुगीर बाजूची हवा पृष्ठभाग सोडते, भोवरे पडतात आणि ओढ वाढते. म्हणून शिकणाऱ्याला पहिला धडा दिला जातो तो असा: मागच्या हाताने शीड हळूहळू आत घ्या, फडफड थांबेल तिथेच थांबा. आणखी आत ओढल्याने वेग वाढत नाही, उलट कमी होतो.

थेट वाऱ्याच्या तोंडावर मात्र जाता येत नाही. वाऱ्याच्या दिशेच्या दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंशांचा पट्टा वर्ज्य असतो. वाऱ्याकडे जायचे असेल तर घाटातल्या रस्त्यासारखे नागमोडी जावे लागते.

सुकाणू नाही, मग वळायचे कसे?

वाऱ्याचे शिडावरचे एकूण बल एका बिंदूतून जाते असे मानता येते. त्याला शिडाचे दाबकेंद्र म्हणू. त्याचप्रमाणे पाण्याचा आडवा विरोधही फळीखालच्या एका बिंदूवर एकवटलेला आहे असे समजू. ही दोन केंद्रे एकाच उभ्या रेषेत असतील तर फळी सरळ जाते.

शीड मागे झुकवले की वाऱ्याचे बल पाण्याच्या विरोधकेंद्राच्या मागे लागते. फळीचे मागचे टोक वाऱ्याबरोबर ढकलले जाते आणि पुढचे टोक वाऱ्याकडे वळते. शीड पुढे झुकवले की उलट होते, पुढचे टोक वाऱ्यापासून दूर जाते. दाराच्या बिजागरीच्या एका बाजूला किंवा दुसऱ्या बाजूला ढकलण्यासारखेच हे आहे.

पुढचे टोक वाऱ्याच्या रेषेतून पलीकडे नेऊन दिशा बदलली तर त्याला टॅक म्हणतात. त्या वेळी खेळाडू डोलकाठीच्या पुढून पावले टाकीत दुसऱ्या बाजूला जातो. मागचे टोक वाऱ्याच्या रेषेतून नेले तर तो जाइब. त्यात खेळाडू शीड सोडून ते पुढून फिरू देतो आणि दुसऱ्या बाजूने पकडतो. नवशिक्याने आधी टॅक शिकावा. त्यात वेग कमी होतो आणि चूक सावरायला वेळ मिळतो.

धावणाऱ्या फळीचा स्वतःचा वारा

वारा पडलेला असतानाही स्कूटर चालवणाऱ्याच्या तोंडावर वारा लागतो. फळीवरच्या माणसालाही खरा वारा आणि स्वतःच्या वेगामुळे समोरून येणारा वारा या दोहोंची सदिश बेरीज जाणवते. तिला भासमान वारा म्हणतात आणि शिडाला फक्त हाच वारा कळतो.

समजा, खरा वारा सेकंदाला ६ मीटर वेगाने बरोबर बाजूने येत आहे आणि फळी सेकंदाला ८ मीटर वेगाने धावते आहे. पायथागोरसच्या प्रमेयाप्रमाणे भासमान वाऱ्याचा वेग सेकंदाला १० मीटर होतो आणि तो बाजूने न येता समोरून सुमारे ३७ अंशांवरून येतो. म्हणजे फळीचा वेग खऱ्या वाऱ्यापेक्षा जास्त असू शकतो. यात ऊर्जेच्या नियमाचा भंग होत नाही, कारण फळी वाऱ्याबरोबर जात नसून त्याला आडवी जाते. फ्रान्सच्या आंत्वान आल्बो याने २०१५ मध्ये नामिबियातील ल्युडरिट्झ येथे ५०० मीटर अंतरावर सरासरी ५३.२७ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ९९ किलोमीटर वेग गाठला होता.

एवढा वेग मिळतो तो फळी पाण्यावर ‘चढते’ म्हणून. सावकाश जाणारी फळी पाणी बाजूला सारत जाते आणि स्वतःच निर्माण केलेल्या लाटेत अडकते. तीन मीटर लांबीच्या फळीसाठी ही मर्यादा सेकंदाला सुमारे २.२ मीटर येते. पुरेसे बल मिळाले तर फळी त्या लाटेवर चढून पाण्याच्या पृष्ठभागावरून घसरू लागते. तलावात तिरकी फेकलेली चपटी खापरी टप्पे घेत जाते, काहीसे तसेच. त्यासाठी नेहमीच्या साधनांना १२ ते १५ नॉट वारा लागतो.

दुप्पट वारा, चौपट जोर

समुद्रावर वाऱ्याचा वेग नॉटमध्ये मोजतात. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर किंवा सेकंदाला सुमारे अर्धा मीटर. शिडावरचे बल काढायचे असेल तर हवेच्या घनतेच्या निमपटीला वेगाच्या वर्गाने गुणायचे, मग शिडाच्या क्षेत्रफळाने आणि शेवटी एका गुणांकाने. गुणांक शिडाच्या आकारावर व वाऱ्याशी केलेल्या कोनावर अवलंबून असतो. आपण ढोबळमानाने तो १ धरू. हवेची घनता घनमीटरला १.२ किलोग्रॅम घेऊ.

आमच्या त्या साडेसहा चौरस मीटरच्या शिडावर, फळी स्थिर असताना, १० नॉट वाऱ्यात सुमारे १०० न्यूटन बल येते. म्हणजे दहा किलो वजनाची पिशवी. १५ नॉटला ते २३० न्यूटन होते, २० नॉटला ४१० आणि ३० नॉटला ९३० न्यूटन. वारा तिप्पट झाला की बल नऊपट होते. दहा किलोची पिशवी पंचाण्णव किलोची झाली!

हे बल नुसते पेलून भागत नाही. ते फळीपासून बऱ्याच उंचीवर लागते आणि माणसाला वाऱ्याच्या दिशेने उलथवू पाहते. तोल राखायला माणूस उलट बाजूला झुकतो. इथे बलापेक्षा परिबल, म्हणजे बल गुणिले अंतर, महत्त्वाचे ठरते. माणसाचे वजन ७५ किलोग्रॅम असेल आणि त्याचा गुरुत्वमध्य डोलकाठीच्या बुडापासून ०.९ मीटर बाहेर गेला असेल, तर त्याचे परिबल सुमारे ६६० न्यूटन-मीटर होते. शिडाचे दाबकेंद्र १.७ मीटर उंचीवर असेल तर तो जास्तीत जास्त ३९० न्यूटनपर्यंत बल तोलू शकतो. म्हणजे या शिडासाठी वीस नॉटच्या आतच मर्यादा संपली. तीही ज्याला पूर्ण झुकून उभे राहता येते त्याची. नवशिका जेमतेम तीस-चाळीस सेंटिमीटर झुकतो, म्हणून त्याची मर्यादा दीडशे न्यूटनच्या आसपासच येते. बारा-तेरा नॉटचा एक झोत आला की संपले. आमचे त्या सकाळी का हाल झाले, ते या एका गुणाकारात दिसते.

यातून तंत्राचे तीन नियम निघतात. हात सरळ ठेवा आणि ओढायला दंडांऐवजी शरीराचे वजन वापरा. झोत आला तर बूम घट्ट आवळू नका, मागचा हात सैल सोडा. शिडाचा कोन कमी होऊन बल लगेच उतरते. आणि शीड पाण्यातून वर घेताना वारा पाठीशी ठेवा, पाठ सरळ ठेवून पायांच्या जोराने दोरी ओढा, आधी शिडातले पाणी निथळू द्या.

शिडाचे गणित

अनुभवी खेळाडू एक सोपा आडाखा वापरतात. आपले वजन किलोग्रॅममध्ये घ्या, त्याला १.३५ ने गुणा आणि वाऱ्याच्या नॉटमधल्या वेगाने भागा. शिडाचे क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये मिळेल. पाण्यावरून घसरत जाणाऱ्या फळीसाठी, म्हणजे साधारण १२ नॉटच्या वर हा आडाखा लागू पडतो. त्याप्रमाणे ७५ किलोच्या माणसाला:

१२ नॉट: ८.४ चौरस मीटर
१५ नॉट: ६.७ चौरस मीटर
२० नॉट: ५.१ चौरस मीटर
२५ नॉट: ४.० चौरस मीटर
३० नॉट: ३.४ चौरस मीटर

५० किलोच्या मुलीला याच्या दोन तृतीयांश शीड पुरते: १५ नॉटला साडेचार, २० नॉटला ३.४.

चौकस विद्यार्थी इथे हात वर करील. बल वेगाच्या वर्गाने वाढते, मग वारा दुप्पट झाल्यावर शीड एकचतुर्थांश व्हायला हवे. १५ नॉटला ६.७ तर ३० नॉटला १.७. पण आडाखा तर ३.४ म्हणतो, म्हणजे निम्मेच. चुकले कोण, न्यूटन की खेळाडू?

दोघेही चुकलेले नाहीत, आपले पहिले गृहीत अपुरे होते. माणसाची मर्यादा बलाची नसून परिबलाची आहे. शीड लहान केले की त्याची उंचीही कमी होते आणि दाबकेंद्र खाली येते, त्यामुळे तोच माणूस अधिक बल तोलू शकतो. शिडांचा आकार सारखा मानला तर उंची क्षेत्रफळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे स्थिर राहायला हवे ते क्षेत्रफळाचा दीड घात गुणिले वेगाचा वर्ग. हे सोडवले की वारा दुप्पट झाल्यावर शीड २.५ पटीने लहान व्हायला हवे असे उत्तर येते, म्हणजे २.७ चौरस मीटर. आपण खऱ्या उत्तराच्या जवळ आलो, पण पोचलो नाही.

आता भासमान वारा लक्षात घेऊ. समजा, १५ नॉट वाऱ्यात फळी २० नॉटने धावते. बाजूच्या वाऱ्यासाठी भासमान वारा २५ नॉट झाला. ३० नॉट वाऱ्यात लाटा मोठ्या, पाण्याचा विरोधही जास्त, म्हणून फळीचा वेग दुप्पट होत नाही. समजा तो ३० नॉट झाला. तर भासमान वारा सुमारे ४२ नॉट. खरा वारा दुप्पट झाला तरी शिडाला जाणवणारा वारा फक्त १.७ पट वाढला. हा आकडा वरच्या नियमात घातला की शीड जवळपास निम्मे निघते, ६.७ वरून ३.३. आडाख्याशी उत्तर जुळले! फळीचे वेग आपण उदाहरणादाखल घेतले आहेत आणि प्रत्यक्षात शिडाचा गुणांकही बदलतो, म्हणून या जुळणीला सिद्धता म्हणू नये. पण ढोबळ प्रतिकृतीत एकेक वगळलेली गोष्ट भरत गेले की उत्तर वास्तवाकडे कसे सरकते, हे दाखवायला याहून सोपे उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

नवशिक्यासाठी मात्र हा आडाखा नाही. त्याने १० नॉटच्या आतल्या वाऱ्यात चार ते पाच चौरस मीटरचे शीड घ्यावे. लहान मुलांनी त्याहूनही लहान. वेग कमी मिळेल, पण पडलेले शीड वर घेता येईल. फळी मात्र मोठी घ्यावी. आर्किमिडीजच्या तत्त्वाप्रमाणे, ७० किलोचा माणूस आणि २० किलोची फळी-शीड मिळून नुसते तरंगायलाच सुमारे ९० लिटर पाणी बाजूला सारावे लागते. शिकाऊ फळी १८० ते २२० लिटरची असते ती पायाखाली स्थिर वाटावी म्हणून.

पोट आणि पीळ

क्षेत्रफळाइतकाच शिडाचा बाकही महत्त्वाचा. मंद वाऱ्यात शीड थोडे फुगीर, पोट असलेले हवे. ते हवेला अधिक वळवते आणि जास्त बल देते. जोराच्या वाऱ्यात ते ताणून सपाट करतात. बूमच्या टोकाशी असलेली दोरी ओढली की पोट कमी होते. डोलकाठीच्या बुडाशी असलेली दोरी खाली ओढली की डोलकाठी वाकते आणि शिडाच्या वरच्या भागाची मागची कड सैल पडते.

ही सैल कड नवशिक्याला दोष वाटते, पण ती मुद्दाम ठेवलेली असते. पाण्यालगत घर्षणामुळे वारा मंद असतो आणि उंचीबरोबर तो वाढतो. शिवाय झोत आला की वरचा सैल भाग आपोआप उघडतो, वाटाण्यासारखा टणटणीत न राहता वारा सांडू देतो आणि दाबकेंद्र खाली येते. वादळात ताठ उभे झाड मोडते आणि माडाच्या झावळ्या मात्र वळून वारा जाऊ देतात, तसेच हे आहे.

खारे वारे, मतलई वारे

आता आमची दुसरी, अधिक गंभीर चूक. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे येतात. रात्री जमीन लवकर थंड होते आणि जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. ते सकाळीही काही काळ टिकतात, विशेषतः हिवाळ्यात. भूगोलाच्या पुस्तकातले हे वाक्य प्रत्येकाने पाठ केलेले असते. आम्हीही केले होते.

मतलई वाऱ्याचा धोका असा की तो दिसत नाही. किनाऱ्याजवळ माडांच्या आडोशाने वारा मंद असतो आणि वाऱ्याला लाटा उठवायला अंतरच मिळालेले नसते, म्हणून पाणी शांत भासते. जसजसे बाहेर जावे तसतसा आडोसा संपतो, वारा वाढतो आणि तो आपल्याला नेतो ते किनाऱ्यापासून दूर. खाऱ्या वाऱ्यात पडलेला माणूस निदान किनाऱ्याकडे वाहत येतो. म्हणून शिकण्याची वेळ दुपारची आणि वारा तिरका किनाऱ्याकडे येणारा हवा. पावसाळ्यात खुल्या समुद्रावर हा खेळ आपल्याकडे मुळीच नको.

आणि एक नियम सर्वांवर: काहीही झाले तरी फळी सोडून पोहत निघू नये. फळी बुडत नाही, आणि पाण्यातल्या एकट्या डोक्यापेक्षा ती दुरून दिसते. दोन्ही हात बाजूला पसरून सावकाश वर-खाली करणे ही मदतीची जगभर ओळखली जाणारी खूण आहे. अंगात तरंगजाकीट हवेच.

वर्गात करून पाहा

१. खेळण्यातल्या चारचाकी गाडीवर पुठ्ठ्याचे शीड तिरके उभे करा आणि टेबलावरच्या पंख्याचा वारा गाडीच्या बाजूने सोडा. गाडी वाऱ्याच्या दिशेने न जाता आडवी पुढे जाईल. इथे फिनचे काम चाके करतात. शिडाचा कोन बदलत जा. कोणत्या कोनाला गाडी सर्वांत वेगाने धावते, ते विद्यार्थ्यांनी नोंदवावे.

२. पुठ्ठ्याची चौकोनी पट्टी दोन दोऱ्यांनी टांगून पंख्यासमोर धरा. दोरी उभ्या रेषेशी जो कोन करते त्याचे टॅन्जंट गुणिले पट्टीचे वजन हे वाऱ्याचे बल अंदाजाने सांगते. पंख्याचा वेग बदलून तक्ता करा.

३. वरच्या कोष्टकातील वारा व क्षेत्रफळ लॉग-लॉग आलेखकागदावर मांडा. रेषेचा उतार उणे १ येतो. वर्गाचा नियम खरा असता तर तो किती आला असता? परिबलाच्या नियमाप्रमाणे किती?

४. बोफर्ट यांनी १८०५ मध्ये तयार केलेल्या वायुमापनश्रेणीचा उपयोग करून महिनाभर सकाळी आठला व दुपारी तीनला वाऱ्याची नोंद ठेवा. पाने व बारीक डहाळ्या सतत हलत असतील तर ७ ते १० नॉट. धूळ व कागदाचे कपटे उडत असतील तर ११ ते १६. पालवीची लहान झाडे डोलू लागली तर १७ ते २१. दिशाही लिहा. किनाऱ्यावरील शाळांना यात खारे व मतलई वारे स्वच्छ दिसतील.

आम्ही पुढच्या आठवड्यात त्याच किनाऱ्यावर पुन्हा गेलो, या वेळी दुपारी तीन वाजता. समुद्राकडून वारा येत होता, माडांच्या झावळ्या हलत होत्या, धूळ उडत नव्हती. दहाएक नॉट असावा. साडेचार चौरस मीटरचे शीड घेतले. पंचवीस-तीस वेळा पडलो, पण दर वेळी शीड वर आले, आणि दर वेळी वाऱ्याने आम्हाला थोडे किनाऱ्याकडेच आणले.